रॅगिंग

शिक्षणसंस्थेत नव्याने आलेल्या विद्यार्थ्याचा वरच्या वर्षातील विद्यार्थ्यांनी ज्येष्ठतेच्या जोरावर केलेला शारीरिक, मानसिक किंवा लैंगिक छळ. वसतिगृहात त्याची सुरुवात बहुधा ‘इंट्रो’ने होते : रात्री खोलीवर बोलावणे, शर्टाच्या तिसऱ्या बटणावर नजर ठेवून नाव-गाव सांगायला लावणे, अश्लील प्रश्न विचारणे, कोंबडा करणे. पुढे सीनिअरची असाइनमेंट लिहून देणे, पैसे उकळणे, मारहाण इथवर मजल जाते. ‘ओळख होते, बुजरेपणा जातो’ हे त्याचे जुने समर्थन अजिबात टिकणारे नाही. जिथे नाही म्हणण्याची सोय नसते, तिथे ओळख होत नाही. पहिल्या वर्षी सोसलेले दुसऱ्या वर्षी नव्यांकडून वसूल केले जाते आणि अशा रीतीने ही प्रथा चालू राहते.

तमिळनाडूत १९९६ मध्ये वैद्यकीय शाखेच्या एका नवागताचा सीनिअरने खून केला. पुढच्याच वर्षी त्या राज्याने रॅगिंगविरोधी कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दोषी विद्यार्थ्याला काढून टाकल्यावर पाच वर्षे अन्य कोणत्याही संस्थेत प्रवेश मिळत नाही. थट्टा, शिवीगाळ, धमकी, एखाद्याला तो एरवी राजीखुशीने करणार नाही असे काही करायला लावणे, हे सारे कायद्याच्या व्याख्येत बसते. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. त्याने टाळाटाळ केली तर ती अपप्रेरणा मानून त्यालाही तीच शिक्षा होऊ शकते. संस्थेची अब्रू जपण्यासाठी प्रकरणे मिटवणाऱ्यांनी हे कलम भिंतीवर लावून ठेवावे, इतके ते महत्त्वाचे आहे.

हिमाचल प्रदेशातील टांडा येथील वैद्यकीय महाविद्यालयात मार्च २००९ मध्ये अमन काचरू हा विद्यार्थी सीनिअरांच्या मारहाणीनंतर दगावला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी विनियम काढले. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी व पालक यांचे प्रतिज्ञापत्र, रॅगिंगविरोधी समिती आणि वसतिगृहांवर अचानक छापे घालणारे पथक, नवागतांची वेगळी राहण्याची सोय ही त्यांतील मुख्य कलमे. याहून मोलाची एक तरतूद मात्र कागदावरच राहण्याचा धोका असतो : पहिले तीन महिने दर पंधरवड्याला नवागतांचे निनावी सर्वेक्षण. भेदरलेला मुलगा समितीपुढे स्वतःहून येत नाही. संस्थेनेच त्याला विचारायला जावे लागते.

वेगळे वसतिगृह निवासी डॉक्टरांच्या उपयोगी पडत नाही. तिथे सीनिअरच्या हाती ड्युटीचे वेळापत्रक असते, शस्त्रक्रिया शिकायला मिळणे न मिळणेही असते. त्यामुळे छळ शिस्तीच्या नावाखाली खपतो. मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयातील आदिवासी निवासी डॉक्टर पायल तडवी यांनी आत्महत्या केली. तीन सीनिअर डॉक्टरांवर जातिवाचक छळाचा आरोप होऊन त्यांना अटक झाली. जात, धर्म, वर्ण, प्रदेश यांवरून होणारा छळ आयोगाने २०१६ मध्येच रॅगिंगच्या व्याख्येत घेतला होता. अशा विभागांत ड्युटी लावण्याचे काम विभागप्रमुखाने स्वतःकडे घेतल्याशिवाय प्रतिबंध शक्य नाही.

महाराष्ट्राच्या कायद्यानुसार लेखी तक्रार विद्यार्थ्याप्रमाणेच पालक आणि शिक्षकही करू शकतात. राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १८००-१८०-५५२२ असून ती चोवीस तास चालू असते.