घोडा घरचा की पागेचा?

वाशीम अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या राजकारणातले वजनदार ठाणे होते. इथले बालाजी मंदिर बांधणारे भवानी काळू हे साबाजी भोसल्यांचे दिवाण. अशा ठाण्यात चाकरीला येणाऱ्या स्वाराला पहिला प्रश्न पडे, घोडा स्वतःचा की सरकारचा?

बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणी, म्हणून त्याला पगार जास्त. पण दाणा, वैरण, नाल सारे त्याच्याच माथी. लढाईत घोडा पडला, की पोटापाण्याचे साधनच गेले; अशा स्वाराने जरा हात राखून लढावे, यात नवल ते काय!

त्याआधीच्या शतकात शिवाजी महाराजांचा भर पागेवर होता. पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार, पाणी वाहणारा एक पखालजी, एक नालबंद. चिपळूणच्या छावणीला लिहिलेल्या पत्रात तर महाराजांनी बजावले होते, की दाणावैरण पावसाळाभर पुरवा आणि दिवे सांभाळा, नाहीतर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल. राजाने इतके बारीक पाहावे, ही गोष्ट किल्ल्यांच्या यादीहून मोठी वाटते.

शिलेदारी मात्र टिकली. निजामाच्या खर्चाने इंग्रजांनी ठेवलेल्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेचे घोडदळ याच पद्धतीचे. त्या फौजेच्या खर्चापोटी 1853 मध्ये वाशीमसह वऱ्हाड इंग्रजांकडे गेले. इंग्रजांच्या हिंदी घोडदळातही शिलेदारी चालू राहिली; पण पहिल्या महायुद्धात नव्या घोड्यांचा पुरवठा स्वारांना पेलवेना, आणि युद्धानंतर ही पद्धत बंद झाली.