कॅनरी बेटांची सहल : आठपैकी तीनच बेटं निवडा, तीही घरातल्या गुडघ्यांकडे बघून

उमरा, दुबई, तुर्की, मलेशिया. आपल्याकडच्या कुटुंबांच्या परदेशवाऱ्या बहुतेक याच वाटेने होतात. पण घरात ट्रेकिंगचं वेड असलेली कॉलेजची मुलं असली की त्यांना मॉल आणि टॉवर पुरत नाहीत. डोंगर हवा, समुद्र हवा, बोटीने एका बेटावरून दुसऱ्यावर जायचं असतं. अशा कुटुंबांसाठी स्पेनची कॅनरी बेटं हा चांगला पर्याय आहे. मात्र खर्च कमी नाही, व्हिसाची कटकट आहे, आणि आखणी चुकली तर निम्मी सुट्टी बंदरावर आणि विमानतळावर बॅगा राखण्यात जाते. म्हणून बुकिंग करण्याआधी काय ठरवायचं, ते आम्ही इथे जरा सविस्तर देत आहोत.

ही बेटं स्पेनची असली तरी आफ्रिकेच्या जवळ आहेत. फुएर्तेवेन्तुरा हे बेट आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून जेमतेम १०० किलोमीटरवर, आणि माद्रिदहून मात्र विमानाने सुमारे तीन तासांचा प्रवास. अक्षांश साधारण दिल्लीचेच, पण थंड समुद्र आणि ईशान्येकडून सतत वाहणारे वारे यांमुळे दिल्लीचा उन्हाळाही नाही आणि दिल्लीची थंडीही नाही. वस्ती असलेली बेटं आठ : तेनेरिफे, ग्रान कानारिया, लान्सारोते, फुएर्तेवेन्तुरा, ला पाल्मा, ला गोमेरा, एल येर्रो आणि चिमुकलं ला ग्रासिओसा. सगळी ज्वालामुखीतून उभी राहिलेली. आपला सह्याद्रीही लाव्हाच्याच काळ्या दगडाचा, पण तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ला पाल्मावरचा काही लाव्हा २०२१ मधला आहे. आज दहावीला असलेली मुलं तेव्हा प्राथमिक शाळेत होती.

हे वारे समजून घेतले की हॉटेल कुठे घ्यायचं ते आपोआप कळतं. वारा डोंगराला अडतो, ढग उत्तरेच्या उतारावर साचतात, दक्षिण बाजू कोरडी राहते. महाबळेश्वरला धो-धो आणि माण-खटावला धूळ, तसाच प्रकार. तेनेरिफेच्या उत्तरेला हिरवळ, जुनी गावं आणि ढगाळ सकाळ. दक्षिणेला ऊन आणि मोठमोठी हॉटेलं. फोटोत हिरवं बघून उत्तरेला खोली घेतली आणि मुलांना रोज समुद्रात पोहायचं असलं, तर घरात कुरबुर होणारच.

पूर्व की पश्चिम?

आठही बेटं एका सुट्टीत करायचा हट्ट धरू नका. दहा-बारा दिवस असतील तर तीन बेटं पुरे. आमच्या मते निवड एका गोष्टीवरून करावी : तुमच्याबरोबर येणाऱ्यांत सगळ्यात अशक्त कोण? दादीचे गुडघे, अब्बांचं ब्लड प्रेशर, वहिनीचं सहा महिन्यांचं बाळ. त्या माणसाला जे झेपेल ती तुमची बेटं.

म्हातारी माणसं आणि लहान मुलं बरोबर असतील तर पूर्वेला जा. लान्सारोते आणि फुएर्तेवेन्तुरा ही बेटं बुटकी आहेत, चढण कमी, रस्ते सरळ. लान्सारोतेच्या तिमान्फाया नॅशनल पार्कमध्ये तर ज्वालामुखी चक्क बसमध्ये बसून बघता येतो. तिथे १७३० मध्ये जमीन फाटली आणि १७३६ पर्यंत आग ओकत राहिली. बेटाचा जवळपास चौथा हिस्सा लाव्हाखाली गेला. यायसा गावच्या पाद्र्याने त्या दिवसांची डायरी लिहून ठेवली, म्हणून कुठलं गाव कधी गेलं याचा काही हिशेब तरी राहिला. जमिनीत थोडं खाली आजही इतकी धग आहे की पार्कचे कर्मचारी खड्ड्यात काटक्या टाकतात त्या पेटतात, आणि नळीत पाणी ओतलं की वाफेचा फवारा वर उडतो. नातवंडं आणि आजोबा दोघांनाही हे सारखंच आवडेल.

जवळच ला हेरिया नावाचा भाग आहे. काळ्या राखेत हजारो गोल खड्डे खणलेले, प्रत्येक खड्ड्यात एखाददुसरा वेल, वाऱ्याच्या बाजूला दगडांची छोटी अर्धगोल भिंत. राख रात्रीचा ओलावा धरून ठेवते आणि वेल त्यावर जगतो. द्राक्षं वाइनसाठी जातात, त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. पण पाऊस जवळजवळ नसलेल्या जमिनीत शेतकऱ्याने काढलेली ही युक्ती सोलापूर-सांगलीच्या माणसाने थांबून बघावी अशी आहे. लान्सारोतेच्या प्लाया ब्लांका बंदरातून फुएर्तेवेन्तुराच्या कोरालेहोला बोट अर्ध्या तासात जाते. उत्तरेच्या ओर्सोला बंदरातून तेवढ्याच वेळात ला ग्रासिओसा. तिथे डांबरी रस्तेच नाहीत. झाली तीन बेटं, एकही अवघड चढण नाही.

चालणारी, धडधाकट मंडळी असतील तर पश्चिम : तेनेरिफे, ला गोमेरा, ला पाल्मा. खरी साहसी सहल इकडेच.

तेइदेची उंची हलक्यात घेऊ नका

तेनेरिफेवरचा तेइदे हा स्पेनमधला सर्वात उंच डोंगर, ३,७१५ मीटर. कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. केबल कारचं खालचं स्थानकच २,३५६ मीटरवर आहे आणि तिथून साधारण आठ मिनिटांत गाडी ३,५५५ मीटरवर नेऊन सोडते. सकाळी समुद्रकिनारी नाश्ता आणि दुपारी साडेतीन हजार मीटर, हे शरीराला सोसतंच असं नाही. हृदयविकार असलेले, गरोदर बायका आणि तान्ही बाळं यांनी वर जाऊ नये. अब्बा म्हणतील, मला काही होत नाही. त्यांना खालच्या पार्कमध्ये फिरवा. रोकेस दे गार्सियाचे खडक बघायला केबल कार लागत नाही आणि तेही काही कमी देखणे नाहीत.

वरच्या स्थानकापासून अगदी शिखरापर्यंतच्या वाटेसाठी वेगळा परवाना लागतो. तो ऑनलाइन काढायचा, पासपोर्टच्या नावाने. जागा मोजक्या असतात आणि खूप आधी संपतात, म्हणून आधी परवान्याची तारीख, मग हॉटेल, हा क्रम ठेवा. परवाना नाही मिळाला तर ला फोर्तालेसा आणि पिको विएहो या दोन पॉइंटांकडे जाणाऱ्या वाटा आहेत. वारा वाढला की केबल कार बंद करतात, म्हणून तेइदे सहलीच्या शेवटच्या दिवशी कधीच ठेवू नका. मागे एक-दोन दिवस मोकळे हवेत. हिवाळ्यात वर बर्फ असतं. खाली टी-शर्ट आणि वर जाड जाकीट, दोन्ही एकाच बॅगेत ठेवा.

तेनेरिफेच्या लोस क्रिस्तियानोस बंदरातून ला गोमेरा तासाभरावर आहे. बरेच जण सकाळी जाऊन संध्याकाळी परततात. आम्ही म्हणू, दोन रात्री राहा. मधल्या डोंगरावर गाराहोनायचं जंगल आहे, सतत धुक्यात भिजलेलं, शेवाळाने लगडलेल्या लॉरेलच्या झाडांचं. आणि इथली शिट्टीची भाषा! खोल दऱ्यांच्या अल्याड-पल्याड बोलायला लोक शिट्टीतून आख्खी वाक्यं बोलत. ती मरायला टेकली होती. १९९९ पासून शाळेत शिकवायला लागले आणि २००९ मध्ये युनेस्कोने तिला वारशाच्या यादीत घेतलं. मुलांना हे ऐकवाच.

ला पाल्मावर मात्र जरा जपून वागायचं. १९ सप्टेंबर २०२१ ला कुंब्रे विएहाच्या उतारावर जमीन फुटली आणि ८५ दिवस लाव्हा वाहत होता. सुमारे सात हजार लोकांना घरं सोडावी लागली, तीन हजारांच्या आसपास इमारती गेल्या, तोदोके नावाचं गाव नकाशावरून पुसलं गेलं. केळीच्या बागा गेल्या, आणि त्यांबरोबर पिढ्यांची कमाई. आज त्या काळ्या लाव्हावरून रस्ता काढला आहे, गाईडबरोबर नव्या ज्वालामुखीजवळ चालत जाता येतं, पर्यटक सेल्फी काढतात. ज्याच्याकडे तुम्ही खोली घेतली त्याचं स्वतःचं घर कदाचित त्याच काळ्या थराखाली असेल. किल्लारीला किंवा माळीणला कुणी दात काढत फोटो काढले तर आपल्याला कसं वाटेल, तेवढं ध्यानात ठेवलं की पुरे. आणि जायचं टाळूही नका. तिथल्या लोकांना पाहुणे हवे आहेत. रात्री आकाश बघा. २,४२६ मीटर उंचीच्या रोके दे लोस मुचाचोसवर जगातल्या मोठ्या दुर्बिणींपैकी एक, १०.४ मीटर आरशाची, उभी आहे, आणि तिच्यासाठी बेटावरच्या दिव्यांवर १९८८ पासून कायद्याने बंधन आहे. अमावस्येच्या आसपासच्या तारखा धरल्या तर उत्तम.

चौथं बेट म्हणून काही जण एल येर्रो धरतात. शांत, पर्यटक कमी, बोटी कमी. तिथल्या ला रेस्तिंगा बंदरासमोर २०११ मध्ये समुद्राखाली ज्वालामुखी जागा झाला होता. याच बंदरात सेनेगल, मॉरिटानियाकडून लाकडी होड्यांतून निघालेली माणसं थकून-भागून पोचतात. २०२४ या एका वर्षात सगळ्या कॅनरी बेटांवर मिळून अशी ४६ हजारांहून जास्त माणसं आली. वाटेत बुडाले ते वेगळेच. बेटावरच्या दफनभूमीत नाव नसलेल्या कबरी आहेत. त्यांत आपले कलमागो भाऊही असणार. तिथे गेलात तर दुआ करा.

बोट, विमान, गाडी

बेटांमधल्या बोटी मोठ्या असतात, गाड्या पोटात घेणाऱ्या. मांडव्याची रो-रो बघितलेल्यांना अंदाज येईल, फक्त इथला समुद्र अटलांटिक आहे. लोस क्रिस्तियानोसहून ला पाल्माला दोन-तीन तास लागतात आणि वारा असला की पोटात ढवळतं. उलटीची गोळी निघण्याआधी घ्यायची, निघाल्यावर नाही. पूर्वेकडून पश्चिमेला जायचं असेल तर सरळ विमान. बेटांच्या आपसातल्या विमानसेवा चांगल्या आहेत. तेनेरिफेला उत्तर आणि दक्षिण असे दोन विमानतळ आहेत, तिकिटावर कुठला ते नीट वाचा. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, इथूनच इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून न्या, आणि गाडी दुसऱ्या बेटावर नेता येईल का ते भाड्याने देणाऱ्याकडून लेखी घ्या.

व्हिसा शेंगेनचाच लागतो. मोठ्यांची फी ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांची ४५, त्याखाली नाही. प्रवास विमा किमान ३० हजार युरोचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. शाळेच्या सुट्ट्यांत अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही. जाता-येता मोरोक्को जोडायचा मोह होतोच. मग परत शेंगेनमध्ये शिरणार असाल तर एकापेक्षा जास्त प्रवेशाचा व्हिसा मागा. सिंगल एंट्रीवर बाहेर पडलात तर पुन्हा आत घेणार नाहीत.

जेवण आणि नमाज

मोरोक्को आणि पश्चिम आफ्रिकेतली बरीच कुटुंबं इथे राहतात. त्यामुळे लास पाल्मास, तेनेरिफेची दक्षिण, आरेसिफे अशा मोठ्या वस्त्यांत हलाल मटणाची दुकानं आणि नमाजची जागा मिळते. ला गोमेरा, एल येर्रोवर ती अपेक्षा ठेवू नका. तिथे मासे, अंडी, आणि किचन असलेली खोली. खारवून उकडलेले सालीसकट छोटे बटाटे आणि मोहो नावाची लसूण-मिरचीची चटणी आपल्याला सहज रुचते. गोफियो म्हणजे भाजलेल्या धान्याचं पीठ, आपल्या सातूच्या पिठाचा भाऊ. ते इथल्या मूळ, उत्तर आफ्रिकेतून आलेल्या रहिवाशांचं अन्न. फसवतात ती सूपं. भाजीचं म्हणून येतं आणि तळाशी डुकराचं हाड असतं. ‘सिन सेर्दो’ म्हणजे डुकराशिवाय, ‘सिन अल्कोहोल’ म्हणजे दारूशिवाय. ‘मान्तेका’ हा शब्द दिसला की विचारा, ती बहुधा डुकराची चरबी.

किब्ल्याचं उलटं आहे. आपल्याकडे पश्चिम, तिथे जवळजवळ थेट पूर्व, किंचित उत्तरेकडे. सवयीने तोंड फिरवू नका. कसरचा हिशेब बेटाबेटांवर फिरणाऱ्याने आधीच करून ठेवावा : हनफी मसलकात एका ठिकाणी पंधरा दिवस राहायची नियत असली की पूर्ण नमाज, शाफई मसलकात, म्हणजे आपल्या बऱ्याच कोकणी कुटुंबांत, पोचण्याचा आणि निघण्याचा दिवस सोडून चार दिवस राहायचं ठरलं की पूर्ण. तेनेरिफेला सहा रात्री आणि ला गोमेराला दोन, यात फरक पडतो. आपल्या इमामसाहेबांना प्लॅन दाखवून विचारा. जूनमध्ये सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, इशा बरीच उशिरा. लहान मुलं असतील तर नोव्हेंबर ते मार्च सोयीचं.

समुद्रावर हिरवा, पिवळा, लाल झेंडा असतो. लाल म्हणजे पाण्यात पाय नाही. लाव्हाच्या खडकांतली नैसर्गिक तळी शांत दिसतात, पण बाहेरची एक मोठी लाट माणसाला ओढून नेते. मुलांना तिथे एकटं सोडू नका. कोरालेहो आणि मास्पालोमासच्या वाळूच्या टेकड्यांत काही भाग कपडे न घालणाऱ्यांचे आहेत. कुटुंबाबरोबर जाताना कुठल्या बाजूने शिरायचं ते हॉटेलात विचारून घ्या. मदतीसाठी नंबर ११२.

आणि घड्याळ. कॅनरी बेटं माद्रिदच्या एक तास मागे असतात. परतीचं कनेक्शन माद्रिदहून असेल तर तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची आहे हे धरूनच मधला अवधी मोजा, आणि वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर किमान पाच-सहा तास हातात ठेवा.