बोस्टनच्या बाकावरची फुलं: 'गुड विल हंटिंग' लोकांनी कसा पाहिला

इअरफोन लावलेत ना? आज जवळ एक कागद आणि पेन पण ठेवा, मध्येच लागणार आहे. हा भाग ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांनीही ठेवा.

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. हॉस्टेलच्या एका रूममध्ये, एका लॅपटॉपसमोर आम्ही सात-आठ जण दाटीवाटीने बसलो होतो. कुणाच्या तरी हार्ड डिस्कवर 'गुड विल हंटिंग' सापडला होता. बारचा सीन आला. हार्वर्डचा तो पोनीटेलवाला पोरगा पुस्तकातलं घोकलेलं बोलून शायनिंग मारत असतो आणि विल त्याची सगळ्यांसमोर उतरवतो. रूममध्ये शिट्ट्या, टाळ्या, 'परत लाव, परत लाव'. मग शेवटाकडे तो दुसरा सीन आला. थेरपिस्ट विलला एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगतो, "यात तुझा दोष नाही." रूममध्ये कुणी हललं नाही. आमच्यातला एक जण उठला, "पाणी भरून आणतो" म्हणाला आणि बाहेर गेला.

त्याच्या हातातली बाटली भरलेलीच होती.

तेव्हापासून मला या सिनेमापेक्षा तो बघणाऱ्यांचं कुतूहल जास्त आहे. एकच सिनेमा, पण गणितवाले एका जागी अडकतात, थेरपिस्ट दुसऱ्या जागी आणि बाकीचे सगळे त्या बाटलीच्या जागी. आजचा भाग त्यांच्याबद्दल आहे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट पटकन सांगतो. विल हंटिंग, वय २०, बोस्टनच्या दक्षिण भागातला, म्हणजे 'साउथी'तला अनाथ पोरगा. लहानपण एका घरातून दुसऱ्या घरात गेलेलं, मार खाऊन. एमआयटीत फरशी पुसायचं काम करतो. प्राध्यापक लँबो कॉरिडॉरमधल्या फळ्यावर विद्यार्थ्यांसाठी अवघड गणित लिहून ठेवतात आणि हा ते रात्री गुपचूप सोडवून जातो. मारामारीत पोलिसावर हात उचलतो, अटक होते. लँबो त्याला दोन अटींवर सोडवून आणतात: माझ्यासोबत गणित करायचं आणि थेरपिस्टकडे जायचं. पाच थेरपिस्टना विल पळवून लावतो. सहावा शॉन मॅग्वायर. तो पण साउथीचाच, त्याची बायको कॅन्सरने गेलेली. ती भूमिका रॉबिन विल्यम्सची.

आता इतिहास. १९९२ च्या आसपास मॅट डेमन हार्वर्डमध्ये शिकत होता आणि नाट्यलेखनाच्या वर्गासाठी त्याने काही पानं लिहिली. ती पानं घेऊन तो लहानपणीच्या मित्राकडे, बेन अ‍ॅफ्लेककडे गेला. दोघांनी मिळून त्याची पटकथा केली, पण ती चक्क थ्रिलर होती! सरकारी गुप्तहेर खातं या हुशार पोराच्या मागे लागतं वगैरे. कॅसल रॉक कंपनीने ती विकत घेतली आणि दिग्दर्शक रॉब रायनरने सांगितलं, ते हेरगिरीचं काढून टाका. पोरगा आणि थेरपिस्ट, एवढंच ठेवा. म्हणजे सिनेमा बनायच्या आधीच एका वाचणाऱ्याने ओळखलं होतं की लोक कुठे थांबणार आहेत.

पुढे ती पटकथा मिरामॅक्सकडे गेली, गस व्हॅन सँट दिग्दर्शक झाला आणि १९९७ मध्ये शूटिंग सुरू झालं. पहिल्या दिवशी विल्यम्स आणि लँबो झालेला स्टेलान स्कार्सगार्ड यांचा सीन होता. डेमन आणि अ‍ॅफ्लेकचं त्यात काम नव्हतं, दोघं बाजूला बसून बघत होते. आपण लिहिलेली वाक्यं समोर कुणीतरी खरंच बोलतंय हे पाहून दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं, असं डेमनने नंतर सांगितलंय. या सिनेमाचे पहिले रडणारे प्रेक्षक हेच दोघे.

डिसेंबर १९९७ मध्ये तो अमेरिकेत आला. त्याच महिन्यात 'टायटॅनिक' पण आला, म्हणजे बघा कोणाशी गाठ होती. खर्च सुमारे १ कोटी डॉलर आणि जगभरातून कमाई २२ कोटींच्या वर. ऑस्करची ९ नामांकनं, त्यातली दोन पदकात उतरली: विल्यम्सला सहायक अभिनेत्याचं, डेमन-अ‍ॅफ्लेकला पटकथेचं. दोघं पोरं त्या रात्री आपापल्या आईला घेऊन आली होती.

आता कागद-पेन घ्या.

लँबो फळ्यावर जे दुसरं गणित टाकतात, ते सोडवायला आम्हाला दोन वर्षांहून जास्त लागली असं वर्गात सांगतात. गणितवाल्या प्रेक्षकांनी पडदा थांबवून पाहिलं आणि हसायला लागले. कारण ते गणित तुम्ही बसमध्ये बसून करू शकता. दहा ठिपके काढायचे. ते रेषांनी असे जोडायचे की सगळे एकमेकांना जोडलेले राहतील, पण फिरून परत त्याच जागी यायला गोल रस्ता तयार होणार नाही. एक अट: कुठल्याही ठिपक्याला बरोबर दोनच रेषा आलेल्या चालणार नाहीत. एक चालेल, तीन चालतील, चार चालतील, दोन नाही. नुसती वाकवून किंवा फिरवून सारखी दिसणारी आकृती वेगळी धरायची नाही. अशा वेगवेगळ्या आकृत्या किती? करून बघा, उत्तर शेवटी देतो.

म्हणजे पडद्यावरची प्रतिभा तशी स्वस्तात दाखवलीय. पण फळ्यावरचं गणित चुकून सुटणं, हे मात्र खरं घडलेलं आहे. १९३९ मध्ये बर्कलीत जॉर्ज डँटझिग नावाचा विद्यार्थी वर्गात उशिरा आला, फळ्यावरची दोन गणितं गृहपाठ समजून उतरवून घेतली आणि काही दिवसांनी सोडवून दिली. ती संख्याशास्त्रातली तोवर न सुटलेली गणितं निघाली. डँटझिग पुढे मोठा गणितज्ञ झाला. त्याच्या डोक्यावर मात्र विलसारखा कुठला घाव होता असं काही ऐकिवात नाही.

घाव असलेला माणूस सिनेमात दुसऱ्याच नावाने येतो आणि तिथे आपल्यासारखे भारतीय प्रेक्षक दचकतात. विल किती ग्रेट आहे हे पटवायला लँबो शॉनला रामानुजनचं उदाहरण देतात. भारतातल्या कुठल्याशा झोपडीत राहणारा, काही शिक्षण नसलेला माणूस, एक जुनं पुस्तक हाती लागलं आणि बघा काय करून दाखवलं. वर 'इंडियन' म्हणजे पिसांवाला नव्हे, टिकलीवाला, असा एक विनोद. हॉस्टेलच्या रूममध्ये तेव्हा आम्ही त्यावर हसलो होतो. आज नाही हसू येत.

रामानुजन झोपडीत राहत नव्हता. कुंभकोणमला त्याचं साधं घर होतं, तो टाउन हायस्कूलमध्ये शिकला, बक्षिसं मिळवली, मग कॉलेजात गेला आणि गणितापायी बाकीच्या विषयांत नापास होऊन स्कॉलरशिप गमावून बसला. मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी करत होता. तिथूनच १९१३ मध्ये त्याने हार्डींना पत्र लिहिलं. 'न शिकलेला चमत्कार' ही गोष्ट ऐकायला छान वाटते, कारण मग शाळेने, कॉलेजने त्याच्याशी काय केलं हे विचारावं लागत नाही.

आणि लँबो जे सांगत नाहीत ते असं. इंग्लंडमध्ये रामानुजन आजारी पडला. युद्धाचे दिवस, शाकाहारी माणसाला धड जेवण मिळेना, बायको आणि आई हजारो मैलांवर. १९१८ मध्ये त्याने लंडनच्या भुयारी रेल्वेच्या रुळांवर उडी घेतली. गाडी थांबली म्हणून वाचला. १९२० मध्ये, ३२ व्या वर्षी, भारतात परत आल्यावर गेला. सगळा सिनेमा याच प्रश्नावर उभा आहे, की डोकं चालतंय पण पोरगा आतून मोडतोय, आणि रामानुजन मात्र त्यात फक्त डोकं म्हणून येतो. त्याच्या शेजारी कुणी शॉन बसला असता तर, हा विचार लँबोंच्या मनातही येत नाही. माझ्या मते इथे सिनेमा आपलीच गोष्ट विसरला.

बरं, थेरपिस्ट प्रेक्षक. तुमच्या ओळखीत कुणी समुपदेशक असेल तर विचारून बघा, पहिली तक्रार गळ्याची येईल. पहिल्याच भेटीत विल शॉनच्या मेलेल्या बायकोबद्दल वाकडं बोलतो आणि शॉन त्याचा गळा धरतो. खऱ्या आयुष्यात त्यावर परवाना जाऊ शकतो. शॉन स्वतःच्या आयुष्याबद्दलही नको तेवढं बोलतो. आणि एका मिठीत वीस वर्षांची जखम भरून येते हेही पटण्यासारखं नाही. सगळ्या तक्रारी बरोबर आहेत.

तरीही तो सीन टिकला, याचं कारण मला वाटतं तो घाईत नाही. शॉनच्या हातात फाईल आहे, त्यात विलच्या लहानपणीच्या जखमांचे फोटो. शॉनलाही दारूड्या बापाचा मार माहीत आहे. तो पहिल्यांदा म्हणतो, "यात तुझा दोष नाही." विल म्हणतो, माहितीये. दुसऱ्यांदा, पुन्हा माहितीये. पुढे विलला चीड येते, तो त्याला ढकलतो, शिवी देतो. शॉन पुढे येत राहतो, तेच बोलत राहतो. दहाएक वेळा. विल तेव्हा रडतो, जेव्हा "माहितीये" म्हणून सुटायची सोय संपते.

आपल्याकडे हे वाक्य कानावर पडतच नाही. "मारलं म्हणून तर सुधारलो" हे मात्र आपण हसत हसत सांगतो, लग्नाच्या पंगतीत, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. त्या मित्राला मी कधीच विचारलं नाही की बाटली घेऊन तू कुठे गेला होतास. विचारायला हवं होतं, बहुतेक.

साउथीच्या लोकांबद्दल थोडंसं. हा आयरिश कामगारांचा भाग. १९७४ मध्ये कोर्टाने काळ्या आणि गोऱ्या मुलांना एकाच शाळेत आणण्यासाठी बसची सोय करायला सांगितली, तेव्हा इथे त्या बसवर दगड पडले होते. सिनेमात यातलं काही नाही, फक्त चार जिवाभावाचे दोस्त आणि बिअर. त्यांचा अड्डा असलेला एल स्ट्रीटवरचा गुत्ता खरा आहे आणि सिनेमानंतर तिथे पर्यटक यायला लागले. आज त्या भागातली भाडी विल आणि चकीला परवडली नसती.

आता बाक. बोस्टनच्या पब्लिक गार्डनमध्ये तळ्याकाठी एक साधा बाक आहे. गळा धरण्याच्या प्रकारानंतर दुसऱ्या भेटीत शॉन विलला तिथे घेऊन जातो आणि म्हणतो, तुला पुस्तकातलं सगळं माहीत आहे, पण तू अजून कुणावर प्रेम केलेलं नाहीस, कुणाला गमावलेलं नाहीस. सिनेमा आला आणि गेला, बाक तिथेच राहिला. लोक बसत होते, कबुतरांना दाणे टाकत होते.

११ ऑगस्ट २०१४ ला रॉबिन विल्यम्सने कॅलिफोर्नियातल्या घरी जीव दिला. वय ६३. बातमी पसरली तशी बोस्टनमध्ये माणसं त्या बाकापाशी यायला लागली. कुणी जाहीर केलं नव्हतं. फुलं ठेवली गेली आणि समोरच्या फरसबंदीवर लोकांनी खडूने सिनेमातली वाक्यं लिहिली. कबर नव्हती, पुतळा नव्हता, म्हणून लोकांनी शॉनची जागा गाठली. नटासाठी होती ती फुलं की थेरपिस्टसाठी, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्या आठवड्यात जगभर एकच प्रश्न फिरत होता, इतका हसवणारा माणूस असं कसं करू शकतो? उत्तराचा एक भाग नंतर कळला. शवविच्छेदनात त्याच्या मेंदूत 'लेवी बॉडी' नावाचा आजार सापडला. त्यात विचार, झोप, हालचाल, मन, सगळंच ढासळत जातं. त्याच्या पत्नीने २०१६ मध्ये मेंदूविज्ञानाच्या एका नियतकालिकात त्या शेवटच्या महिन्यांबद्दल लिहिलं. आजाराचं नाव त्या दोघांना शेवटपर्यंत कळलं नव्हतं.

(इथे थांबून एक गोष्ट. हे ऐकताना तुमच्या आत काही हललं असेल, तर टेली-मानसचा नंबर १४४१६. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं.)

खडूची अक्षरं पावसात गेली असणार. त्या बाकावर बसून फोटो काढायला लोक अजून जातात.

अरे हो, कोडं. उत्तर दहा. तुमच्या आठच निघाल्या असतील तर वाईट वाटून घेऊ नका. विलनेही फळ्यावर आठच काढल्या होत्या. तेवढ्यात मागून लँबो आले, ओरडले आणि तो पळाला.