चिलीची रानस्ट्रॉबेरी

चिलीची रानस्ट्रॉबेरी (फ्रॅगॅरिया चिलोएन्सिस) ही गुलाब कुलातील बहुवर्षायू वनस्पती होय. अलास्कापासून कॅलिफोर्नियापर्यंतचा पॅसिफिक किनारा, हवाई बेटे आणि दक्षिणेकडे चिली व अर्जेंटिना हा तिचा नैसर्गिक प्रदेश. महाबळेश्वर-पाचगणीच्या मळ्यांतून बाजारात येणाऱ्या स्ट्रॉबेरीचे मातृकुळ याच रानवेलीकडे जाते.

तिची पाने त्रिदली, जाड, चिवट व वरून चकचकीत गर्द हिरवी असतात. खारे वारे आणि रेताड जमीन ती सहज सोसते. जमिनीलगत पसरणाऱ्या धावत्या खोडांना पेरांवर मुळे फुटून नवी रोपे तयार होतात. फुले पांढरी असून नर व मादी फुले बहुधा वेगवेगळ्या झाडांवर येतात. ज्याला आपण फळ म्हणतो तो वस्तुतः फुलाचा फुगलेला मांसल देठाग्र. खरी फळे म्हणजे त्यावरील बारीक दाणे. या जातीत ५६ गुणसूत्रे असतात, तर युरोपातील सामान्य रानस्ट्रॉबेरीत केवळ १४.

स्पॅनिश लोक येण्यापूर्वीपासून दक्षिण चिलीतील मापुचे लोक हिच्या मोठ्या, पांढरट-गुलाबी फळांच्या वाणाची लागवड करीत. स्पॅनिश तटबंदीची पाहणी करण्यासाठी तेथे गेलेला फ्रेंच अभियंता आमेदे-फ्रांस्वा फ्रेझिए १७१४ मध्ये परतला, तेव्हा त्याने आणलेल्या रोपांपैकी पाच जगली होती. मात्र सर्व मादी असल्याने त्यांना फळ धरेना. पुढे उत्तर अमेरिकेची व्हर्जिनिया स्ट्रॉबेरी शेजारी लावल्यावर तिच्या परागांनी फलधारणा झाली. दोहोंची गुणसूत्रसंख्या समान असल्यानेच हा संकर साधला. त्यातून आजची बागायती स्ट्रॉबेरी जन्मली. हे मूळ फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आंत्वान निकोला द्युशेन याने १७६६ मध्ये ओळखले.

बागायती स्ट्रॉबेरीचा वंश अशा मोजक्या रोपांपासून सुरू झाल्याने तिच्यातील आनुवंशिक विविधता मर्यादित राहिली. नवे रोग किंवा खारावलेली जमीन यांना तोंड देणारे गुण शोधताना संशोधकांना पुन्हा रानातील पूर्वजांकडेच वळावे लागते. चिलीत पांढरी स्ट्रॉबेरी आज नाहुएलबुटा पर्वतरांगेच्या परिसरातील लहान शेतकरी मुख्यत्वे जपतात. ती शेते ओस पडली, तर शतकानुशतके निवडून सांभाळलेला वाण नाहीसा होईल आणि त्याबरोबर उद्याच्या पिकाला लागणारे गुणही जातील.