अगूराच्या डोंगरातली भजने

लॉस एंजेलिसच्या पश्चिमेला, सांता मोनिकाच्या डोंगरांत अगूरा नावाचे गाव आहे. १९८३ साली तिथे एक वेदान्त आश्रम उभा राहिला. रविवारी सत्संग भरे, आणि ऑर्गनवर भगव्या वस्त्रांतल्या एक बाई बसत. भक्त त्यांना तुरीयसंगीतानंद म्हणत. जॅझच्या जगात त्या अ‍ॅलिस कोलट्रेन होत्या.

जन्म १९३७चा, डेट्रॉइटचा. लहानपणीच त्या चर्चमध्ये वाजवू लागल्या. पुढे सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेन यांच्याशी लग्न झाले आणि १९६६पासून त्यांच्याच संचात त्या पियानो वाजवू लागल्या. १९६७च्या जुलैत, अवघ्या चाळिशीत, जॉन यकृताच्या कर्करोगाने गेले. पदरात चार लहान मुले. अ‍ॅलिस यांची झोप उडाली, वजन झरझर उतरले. त्या दिवसांना पुढे त्यांनी तपश्चर्या म्हटले. जॉननी मागवलेली हार्प ते गेल्यावर घरी पोहोचली. ती त्यांनी आपलीशी केली.

नंतर त्यांना आध्यात्मिक गुरू स्वामी सच्चिदानंद भेटले. १९७०च्या अखेरीस अ‍ॅलिस यांनी ‘जर्नी इन सच्चिदानंद’ हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. त्यात हार्पशेजारी तानपुरा आहे.

नाव होते, मोठ्या कंपन्या होत्या, तरी १९७८नंतर त्यांनी बाजारासाठी अल्बम करणे जवळपास सोडून दिले. सोडले ते दुकान. गाणे उलट वाढले. १९८२च्या ‘तुरीया सिंग्ज’ कॅसेटवर त्या पहिल्यांदा स्वतः गायल्या, संस्कृत भजने, खालच्या पट्टीत, संथ. पुढच्या काही कॅसेटींवर आश्रमवासीयांचा कोरस आहे. शब्द राम-कृष्णाचे, पण टाळ्यांची लय आणि ऑर्गनचे सूर थेट डेट्रॉइटच्या चर्चमधले. मुख्य गायक ओळ सांगतो आणि सारे ती उचलतात, ही रीत वारकरी भजन ऐकलेल्या कानाला लगेच ओळखीची वाटते. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्येही ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. अ‍ॅलिस आत वळल्या, पण बालपणीचे सूर टाकून नव्हे. या भजनांचे मोठेपण मला तिथेच दिसते.

२००७च्या जानेवारीत त्या गेल्या. २०१८च्या वणव्यात आश्रमाची वास्तू जळाली. त्याआधी, २०१७ साली, या कॅसेटींतली निवडक भजने ‘लुआका बॉप’ या रेकॉर्ड कंपनीने पुन्हा प्रसिद्ध केली होती. २०२१ साली मुलगा रवी (हे नाव रविशंकरांवरून ठेवलेले) यांच्या पुढाकाराने ‘तुरीया सिंग्ज’चे निव्वळ आवाज आणि ऑर्गन असलेले रूप बाहेर आले. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने सुरुवात याच रूपापासून करावी. मूळ कॅसेटवरचा सिंथेसायझर इथे नसल्याने अ‍ॅलिस यांचा श्वासही ऐकू येतो.