भंगारातला लेथ

यंत्रयुगाचा इतिहास आपल्याकडे वाफेच्या इंजिनापासून शिकवला जातो. पण त्या इंजिनाचे भाग ज्या यंत्रावर कातले, ते यंत्र कशावर तयार झाले? हा प्रश्न वर्गात सहसा निघत नाही, कारण त्याचे उत्तर कारागिराच्या हातापाशी येऊन थांबते आणि हाताचा इतिहास लिहिण्याची आपल्याला सवय नाही.

अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डचा डेव्ह गिंजेरी (१९३२–२००४) याने १९८० पासून या विषयावर सात पुस्तकांची मालिका लिहिली. भंगारातून धातुकामाचा कारखाना घरीच उभा करायचा. पहिले पुस्तक कोळशाच्या भट्टीचे : बादलीला आतून अग्निमाती आणि वाळूचे अस्तर, मुशीत भंगारातले ॲल्युमिनियम, ओलसर वाळूत लाकडी नमुना दाबून केलेला साचा. दुसऱ्या पुस्तकात अशाच ओतीव भागांचा लेथ, सात इंच व्यासाचे आणि बारा इंच लांबीचे काम घेणारा. नवल असे की अर्धवट उभा राहिलेला लेथच आपले उरलेले भाग कातायला मदत करतो. पुढे शेपर, मिलिंग मशीन, ड्रिल.

वाकड्या साधनातून सरळ साधन निघेल कसे, ही शंका कुणालाही येईल. कारागिरांनी ती फार पूर्वी सोडवली आहे. लोखंडाच्या दोन पाट्या एकमेकींवर घासल्या, तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट होऊनही त्या बिनतक्रार जुळतात. तिसरी आणली की हे सोंग टिकत नाही. तिघी आळीपाळीने एकमेकींशी जुळायच्या तर तिन्ही सपाटच व्हाव्या लागतात. उंचवटा सापडावा म्हणून तेलात कालवलेला शेंदूर लावतात आणि रंग उमटेल तिथे खरवडतात. (शेंदूर फासून दगडाला देवपण देणाऱ्या देशात त्याचा हा उपयोग मुद्दाम सांगावासा वाटतो.)

ही पद्धत जोसेफ व्हिटवर्थने १८४० मध्ये ग्लासगो येथे निबंध वाचून मांडली आणि तिला त्याचे नाव चिकटले. पण हा व्हिटवर्थ ज्याच्या कारखान्यात काम करून गेला, त्या हेन्री मॉडस्लेकडे (१७७१–१८३१) अशा पाट्या आधीपासून वापरात होत्या. मॉडस्ले बाराव्या वर्षी वूलिचच्या शस्त्रागारात काडतुसे भरायला लागला. पुढे त्याने जोसेफ ब्रामाच्या प्रसिद्ध कुलुपांसाठी यंत्रे घडवली. कुलुपे मात्र ब्रामाचीच राहिली. आठवड्याचे तीस शिलिंग संसाराला पुरेनात, वाढ मागितली, ती नाकारली गेली. १७९७ मध्ये त्याने स्वतःचे दुकान थाटले आणि १८०० च्या सुमारास आटे पाडणारा त्याचा लेथ उभा राहिला.

गिंजेरीचे मोठेपण मला लेथपेक्षा त्याच्या लिहिण्यात दिसते. कारागिराचे गुपित त्याने कुणालाही वाचता येईल अशा भाषेत उघडे केले. अर्थात त्याचा वाचक अक्षर ओळखणारा, भट्टीपुरती जागा आणि सुटीचा दिवस असलेला. आमच्या घरात पदवी माझ्यापासून सुरू झाली. हातोडा त्याआधी कित्येक पिढ्या होता, पण त्या हातांनी काय जाणले याची एक ओळही कुठे नाही.

वर्गात मी तीन पाट्यांची गोष्ट फळ्यावर काढली, तेव्हा मागच्या बाकावरचा, सुटीत लेथवर काम करणारा एक विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, दर फेरीला पाटी काटकोनात फिरवायची. नाहीतर पीळ राहतो."