झ्विकी, फ्रिट्झ

(१४ फेब्रुवारी १८९८ – ८ फेब्रुवारी १९७४). स्विस खगोलभौतिकीविज्ञ. दीर्घिकासमूह, गुरुत्वाकर्षण व अतिनवतारे यांवरील मूलगामी संशोधनासाठी प्रसिद्ध. जन्म बल्गेरियातील व्हार्ना येथे. झुरिकमध्ये शिक्षण घेऊन ते १९२५ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आले आणि अखेरपर्यंत अमेरिकेत राहिले.

अरुंधती केश तारकासमूहातील दीर्घिकासमूहाचा त्यांनी १९३३ मध्ये अभ्यास केला. त्यातील दीर्घिकांचे वेग इतके मोठे होते, की केवळ दृश्य द्रव्याच्या गुरुत्वाकर्षणाने तो समूह एकत्र राहणे शक्य नव्हते. म्हणून तेथे बरेच अदृश्य द्रव्य असावे, असे अनुमान त्यांनी काढले व त्याला ‘कृष्णद्रव्य’ म्हटले. हबल स्थिरांकाचे (विश्वाच्या प्रसरणाच्या दराचे) तेव्हाचे मूल्य फार मोठे असल्याने अंतरे कमी धरली गेली व अदृश्य द्रव्याचे प्रमाण वाजवीपेक्षा जास्त आले. मूळ निष्कर्ष मात्र टिकला. १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन यांच्या निरीक्षणांनी त्याला बळकटी आली.

वॉल्टर बाडे यांच्यासह १९३४ मध्ये त्यांनी अतिनवताऱ्याच्या स्फोटातून न्यूट्रॉन तारा बनतो, अशी कल्पना मांडली. दीर्घिका गुरुत्वीय भिंगाप्रमाणे प्रकाश वाकवतील, हे त्यांचे १९३७ चे भाकीत १९७९ मध्ये खरे ठरले. पालोमार वेधशाळेत त्यांनी शंभराहून अधिक अतिनवतारे शोधले. पुढे ‘१ए’ प्रकारचे अतिनवतारे विश्वातील दूरची अंतरे मोजण्याचे प्रमुख साधन बनले.

रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १९७२ मध्ये त्यांना सुवर्णपदक दिले. पॅसाडीना येथे त्यांचे निधन झाले.